जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं आणि स्क्रीन काळी पडली: ग्राफिक्स ड्रायव्हर तपासायचा कसा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि पुढच्याच आठवड्यात, दिवाळीला, मी कराडला मामांकडे गेलो. त्यांचा पीसी म्हणजे कोअर टू ड्युओ, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि कधीतरी सेकंडहँड घेतलेलं जीफोर्स २१० कार्ड. विंडोज ११ त्यावर चढणार नव्हतंच. मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती टाकली. तासाभरात स्क्रीन, आवाज, प्रिंटर सगळं चालू झालं. मामींनी फराळाचं ताट आणून ठेवलं. तिथे थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण विंडोजमध्ये वाढलेल्या माणसाला एक खोड असते. फॉरमॅट झालं की ड्रायव्हरची सीडी घालायची! मी कार्डाचा ‘खरा’ ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवला, चालवला, वर कुठल्याशा जुन्या उत्तरातली एक सेटिंगची फाइल जशीच्या तशी चिकटवली आणि रीस्टार्ट केलं. काळी स्क्रीन. पुढच्या दोन संध्याकाळी त्यात गेल्या. पुण्याला परतल्यावर उरलेलं काम मी फोनवरून मामांकडून करून घेतलं.

म्हणून खालच्या आज्ञा मी फोनवर सांगाव्यात तशाच लिहिल्या आहेत. सगळी अक्षरं इंग्रजी आणि लहान लिपीतली. ‘जागा’ म्हणजे स्पेसबार, ‘रेघ’ म्हणजे वजाबाकीची खूण, ‘तिरकी रेघ’ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. मिंट, उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या तीन प्रकारांना धरून लिहितोय.

आधी हे जवळ घ्या

ज्यावरून लिनक्स टाकलं तो पेनड्राइव्ह पुसू नका. मशीन अजिबात उठेनासं झालं तर तोच कामाला येतो. स्मार्टफोन आणि त्याची डेटा केबल घ्या. केबलने फोन जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की जुन्या मशीनला वायफायशिवाय इंटरनेट मिळतं. स्टार स्क्रूड्रायव्हर, रंगाचा कोरडा ब्रश, शाळेतला पांढरा खोडरबर. आणि वही-पेन. काय बदललं ते बदलायच्या आधी लिहायचं. मी लिहिलं नव्हतं.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीपासून असतं. काहीही करण्याआधी त्यात एक स्नॅपशॉट काढा. त्यात सिस्टिमच्या फाइली जपल्या जातात. घरचे फोटो आणि कागदपत्रं वेगळी कॉपी करावी लागतात.

१. खोक्यावरचं नाव सोडा, चिपचं नाव शोधा

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. ‘एल एस पी सी आय’ जोडून लिहा, मग जागा, रेघ, ‘एन एन के’. एंटर मारा. मोठी यादी येईल. तिच्यात व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर असं लिहिलेली ओळ शोधा. काही लॅपटॉपांत दुसऱ्या चिपच्या ओळीत व्हीजीएऐवजी थ्रीडी कंट्रोलर असतं.

मामांच्या मशीनवर त्या ओळीत जीटी२१८ असं आलं आणि शेवटी चौकटी कंसात १०डीई आणि ०ए६५ ही जोडी. जोडीतला पहिला भाग कंपनी सांगतो: १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल. दुसरा भाग नेमकी चिप सांगतो. वहीत ही पूर्ण ओळ उतरवा.

खोक्यावरच्या नावावर विसंबू नका असं म्हणतोय त्याला कारण आहे. जीटी ७३० हे नाव दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिपांवर विकलं गेलं. काहींत जीएफ१०८ म्हणजे फर्मी पिढी, काहींत जीके२०८ म्हणजे केप्लर. एकाला चालणारा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. दुकानदाराला विचारलंत तर तो दोन्हींना ‘सातशेतीस’ म्हणेल आणि त्यात त्याचंही काही चुकत नाही.

२. आत्ता कोणता ड्रायव्हर चालू आहे ते बघा

याच यादीत, त्या ओळीच्या खाली, कर्नल ड्रायव्हर इन यूज अशी ओळ असते. तिच्यापुढे नुवो (एनव्हिडियाच्या कार्डांचा खुला ड्रायव्हर), रेडिऑन, एएमडीजीपीयू, आय९१५ किंवा एनव्हिडिया यांपैकी काही दिसलं तर ड्रायव्हर बसलेला आहे. ही ओळच नसेल तर कार्ड अनाथ आहे.

बहुतेक नवे लोक इथेच गोंधळतात. लिनक्समध्ये ड्रायव्हर सहसा बाहेरून आणून टाकायची वस्तू नसते. इंटेल, एएमडी आणि नुवो हे तिन्ही ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच येतात. त्यांचा चित्र काढणारा अर्धा भाग मेसा नावाच्या संचात असतो, तोही आधीच बसलेला असतो.

आता खात्री करा की चित्र खरंच कार्ड काढतंय. ‘जी एल एक्स इन्फो’ जोडून, जागा, रेघ, मोठा ‘बी’. आज्ञा सापडत नाही म्हणाला तर ‘मेसा-युटिल्स’ नावाचं पॅकेज टाका. उत्तरात ओपनजीएल रेंडरर स्ट्रिंग ही ओळ वाचा. मामांच्या मशीनवर एनव्हीए८ असं येतं, ते जीटी२१८ चं नुवोतलं टोपणनाव. तिथे एलएलव्हीएमपाइप आलं तर कार्ड हातावर हात धरून बसलंय आणि बिचारा प्रोसेसर एकटा चित्रं रंगवतोय. खिडकी ओढली की मागे रेंगाळते, व्हिडिओ अडखळतो, पंखा घोंघावतो, ते यामुळे.

३. स्क्रीन काळीच असेल तर: नोमोडसेट

मशीन सुरू करताना जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआयवर (नव्या मशीनमध्ये बायोसच्या जागी असतं ते) एस्केप एकदा दाबा. ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येईल. (एस्केप दोनदा दाबलं गेलं तर मेनूऐवजी नुसतं ‘ग्रब’ लिहिलेली ओळ येते. घाबरू नका, ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर मारा.) पहिल्या नोंदीवर थांबून ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी ‘क्वाएट स्प्लॅश’ असतं. त्यापुढे जागा सोडून ‘नोमोडसेट’ जोडून लिहा आणि एफ१० दाबा.

याने कर्नलला सांगितलं जातं की कार्डाचा मोड तू लावू नकोस, बायोसने जे चित्र दिलंय त्यावरच भागव. स्क्रीन येते, पण जाडीभरडी, बऱ्याचदा १०२४ बाय ७६८.

सापळा इथे आहे. नोमोडसेट ही कुबडी आहे. पाय दुरुस्त झाल्यावर ती काढायची असते. कित्येक जण स्क्रीन आली म्हणून ती ग्रबच्या फाइलीत कायमची लिहून ठेवतात आणि मग वर्षभर ‘लिनक्स किती स्लो आहे’ म्हणत बसतात. नोमोडसेट असताना नुवो, रेडिऑन, आय९१५ यांतलं काहीच नीट चालत नाही. चित्र एलएलव्हीएमपाइपच काढतो. मिंटचा पेनड्राइव्ह कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये सुरू केला तरी आतून हेच लागलेलं असतं.

आपल्याकडे ते चिकटून राहिलंय का हे बघायला: ‘कॅट’, जागा, तिरकी रेघ, ‘प्रॉक’, तिरकी रेघ, ‘सीएमडीलाइन’. उत्तरात नोमोडसेट दिसलं तर ‘एटसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ या फोल्डरातली ‘ग्रब’ फाइल उघडून तिथून तो शब्द काढा आणि ‘सुडो’, जागा, ‘अपडेट-ग्रब’ चालवा.

४. आता ज्याची त्याची कंपनी

*इंटेल.* काही टाकायचं नाही. जी४१ च्या बोर्डावरची चिप असो की एच६१ बोर्डावरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय३ मधली, आय९१५ आणि मेसा सांभाळून घेतात. मेसाने २०२२ साली २२.० आवृत्तीत जुना आय९६५ ड्रायव्हर काढून टाकला, त्यामुळे इंटरनेटवरची त्याआधीची उत्तरं वाचून त्याच्या मागे लागू नका. जी४१ पासून चौथ्या पिढीच्या कोअरपर्यंत आता क्रोकस नावाचा ड्रायव्हर आपोआप लागतो. खिडक्या फाटल्यासारख्या दिसत असतील तर ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी’ या फोल्डरात कोणी ‘२०-इंटेल’ नावाची फाइल ठेवलीय का बघा. असली तर ती बाजूला हलवा.

फक्त एक अपवाद लक्षात ठेवा. छोट्या ॲटम नेटबुकमधल्या जीएमए ५००, ३६०० आणि ३६५० या चिपांचा गाभा इंटेलचा नाही, पॉवरव्हीआरचा आहे. त्यांना चित्र मिळतं, थ्रीडी मिळत नाही. त्यावर कितीही रात्री जागवल्यात तरी मिळणार नाही. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूट घ्या, इफेक्ट बंद करा आणि लिहिण्या-वाचण्यापुरतं वापरा.

*एएमडी.* इथे दोन कर्नल ड्रायव्हर आहेत. एचडी ६००० मालिकेपर्यंतच्या कार्डांना रेडिऑन लागतो, नव्यांना एएमडीजीपीयू. मधल्या काळातल्या, म्हणजे २०१२ च्या आसपास आलेल्या जीसीएन कुळातल्या पहिल्या दोन पिढ्यांना दोन्ही चालतात. पण बहुतेक प्रचलित कर्नलवर त्यांना रेडिऑनच लागतो. रोजच्या कामाला तो पुरतो. व्हल्कन (नव्या गेमांना लागणारी थ्रीडीची पद्धत) हवं असेल तर ग्रबच्या ओळीत ‘रेडिऑन डॉट एसआय-सपोर्ट’ शून्य आणि ‘एएमडीजीपीयू डॉट एसआय-सपोर्ट’ एक करायचं. दोन शब्दांमधली खूण इथे खालची रेघ आहे, आकड्याआधी बरोबरचं चिन्ह. दुसऱ्या पिढीला ‘एसआय’च्या जागी ‘सीआयके’.

एएमडी कार्डांची खरी गोची असते ती फर्मवेअरची, म्हणजे ड्रायव्हर कार्डात भरतो त्या कंपनीच्या छोट्या फाइलींची. डेबियन १२ च्या आधीच्या इन्स्टॉलरांत ते नसायचं. स्क्रीन यायची पण सगळं संथ. डेबियनवर ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ हे पॅकेज आहे का तपासा, मिंट-उबुंटूत ते आधीच असतं. आणि कॅटॅलिस्ट नावाचा जुना ड्रायव्हर शोधू नका. उबुंटूने तो १६.०४ मध्येच, म्हणजे २०१६ साली सोडला.

*एनव्हिडिया.* आता खरं दुखणं. कंपनीचा बंद ड्रायव्हर पिढीनुसार फांद्यांमध्ये वाटला आहे. जीफोर्स ६ आणि ७ मालिकेला ३०४. जीफोर्स ८, ९, २०० आणि ३०० ला ३४०. फर्मी, म्हणजे ४०० आणि ५०० (आणि जीटी ६१० सारखी काही ६०० नावाची कार्डं) यांना ३९०. केप्लर, म्हणजे बहुतेक ६००-७०० यांना ४७०. जीटीएक्स ७५०, ९०० आणि १००० मालिकेसाठी ५८० ही शेवटची फांदी.

मामांच्या कार्डाला लागते ३४०. तिची शेवटची आवृत्ती, ३४०.१०८, डिसेंबर २०१९ ची. कर्नल मात्र पुढे पुढे जात राहतो. २०१९ चा ड्रायव्हर मिंट २२ मधल्या ६.८ कर्नलवर बांधायला घेतला की तो मध्येच तुटतो. माझ्या इन्स्टॉलरने तुटण्याआधी नुवोला काळ्या यादीत टाकणारी फाइल लिहून ठेवली होती. जुना आचारी काढला, नवा आलाच नाही, आणि पंगत बसलेली!

तेव्हा ३०४ आणि ३४० वाल्यांनी नुवोवर राहावं, हे माझं स्पष्ट मत. नुवो कंपनीच्या मदतीशिवाय, चिप उलगडून लिहिलेला ड्रायव्हर आहे. २०१० पासून तो मुख्य कर्नलमध्ये आहे. तो कार्ड पूर्ण वेगाने पळवत नाही, पण बँक, ईमेल, फोटो याला वेग लागतोच किती? ब्राउझर गोठत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करा आणि एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजर ट्वीक्समधला कंपोझिटर बंद करून बघा. ३९० वाल्यांना कंपनीचाच ड्रायव्हर हवा असेल तर मिंट २१ किंवा उबुंटू २२.०४ घ्यावं आणि कर्नल ५.१५ वरच ठेवावा. ४७० उबुंटू २४.०४ मध्ये मिळतो.

ड्रायव्हर टाकायचाच असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून किंवा उबुंटूच्या ॲडिशनल ड्रायव्हर्समधून टाका. ‘डॉट रन’ फाइल उतरवून नको. तशी टाकलेली फाइल सिस्टिमच्या हिशोबात नसते, त्यामुळे पुढच्या कर्नल अपडेटला ती कुणी आठवणीने पुन्हा बांधत नाही.

आणखी दोन खड्डे. २०१२ नंतरच्या मशीनवर सिक्युअर बूट (सही नसलेला ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागतो. पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. लोक व्हायरस समजून घाईघाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबतात आणि ड्रायव्हर लागत नाही. दुसरा खड्डा वेलंडचा. खिडक्या पडद्यावर आणायची ही नवी पद्धत, एक्स११ ही जुनी. ३४० आणि ३९० वर वेलंड विसरा, एक्स११ चं सत्र लागेल. उबुंटू २५.१० च्या ग्नोममध्ये ते उरलेलं नाही, म्हणून जुन्या कार्डाला एक्सएफसीई बरं.

५. झालेला पसारा आवरणं

माझ्यासारखं करून बसला असाल तर. काळ्या स्क्रीनवर कंट्रोल, अल्ट आणि एफ३ दाबा. अक्षरांचं लॉगिन आलं तर उत्तम. नाही आलं तर ग्रबमधल्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून रिकव्हरी मोड, त्यात रूट शेल.

‘एटसी’ मधल्या ‘एक्स११’ फोल्डरात ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ ही फाइल असेल तर तिचं नाव बदला. पुसू नका, नाव बदला. आजच्या लिनक्सला ती लागत नाही, असली तर बहुधा कुणीतरी हाताने ठेवलेली असते. मग ‘मॉडप्रोब डॉट डी’ या फोल्डरात, ‘एटसी’ खाली आणि ‘युएसआर’मधल्या ‘लिब’ खाली दोन्हीकडे, ‘एनव्हिडिया-इन्स्टॉलर-डिसेबल-नुवो’ नावाची फाइल शोधून काढून टाका. ड्रायव्हर पॅकेजमधून टाकला असेल तर ‘सुडो ॲप्ट पर्ज’ करून ती पॅकेजं काढा. काय काय काढणार याची यादी ‘वाय’ दाबण्याआधी वाचाच. यादीत अख्खा डेस्कटॉप दिसला तर थांबा.

शेवटी ‘सुडो’, जागा, ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’, जागा, रेघ, ‘यू’. ही पायरी मी पहिल्या संध्याकाळी विसरलो होतो. मशीन सुरू होताना सर्वात आधी उघडणारा फाइलींचा एक छोटा गठ्ठा असतो, इनिटरॅमएफएस. काळी यादी त्यातही जाऊन बसलेली असते, तो नव्याने बांधला नाही तर फाइल पुसूनही फरक पडत नाही. मामा म्हणाले, ‘अरे, पुसली ना? मग कुठून येतेय?’ दुसऱ्या संध्याकाळी कळलं कुठून ते.

रिकव्हरी मोडमधून ‘रिझ्यूम’ केलं तर स्क्रीन जाडीभरडीच दिसेल, कारण त्यात नोमोडसेट असतं. पूर्ण रीस्टार्ट करून मगच निकाल बघा.

६. सगळं ठीक, पण यूट्यूब अडखळतं

हा बऱ्याचदा ड्रायव्हरचा दोष नसतो. यूट्यूब ब्राउझरला व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतीचा व्हिडिओ देतं, जुन्या चिपांना एच.२६४ च्या पुढचं उलगडता येत नाही. फायरफॉक्समध्ये ‘एन्हान्स्ड-एच२६४इफाय’ हे ॲडऑन टाका आणि ४८० वर बघा. मामांचा हरिपाठ त्यावर विनातक्रार चालतो. चौथ्या पिढीपर्यंतच्या इंटेलवर ‘आय९६५-व्हीए-ड्रायव्हर’ हे पॅकेजही लागतं.

७. तरीही नाही, तर कॅबिनेट उघडा

प्लग काढा, मगच. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला आहे की मदरबोर्डाच्या, हे आधी बघा. कार्ड असताना बहुतेक जुने बोर्ड स्वतःचं पोर्ट बंद ठेवतात. कार्ड काढून त्याचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा, धूळ ब्रशने झाडा. कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली तर ड्रायव्हर शोधणं थांबवा. कार्डाशिवाय, बोर्डावरच्या चिपवर मशीन चालवून बघा. बायोसच्या स्क्रीनवर, म्हणजे लिनक्स सुरू होण्याआधीच, रेघा-ठिपके दिसत असतील तर कार्डच गेलंय.

मशीन कालपर्यंत चालत होतं आणि अपडेटनंतर बिघडलं, तर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडा. चाललं तर त्यावरच राहा.

८. मदत मागताना

‘स्क्रीन येत नाही, प्लीज हेल्प’ यावर कुणी काही सांगू शकत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांचं उत्तर, सिस्टिमचं नाव आणि आवृत्ती, शेवटचा बदल काय केला, आणि बिघडलेल्या बूटची नोंद द्या: ‘जर्नलसीटीएल’, जागा, रेघ, ‘बी’, जागा, रेघ, १. फोनने काढलेला स्क्रीनचा फोटोही चालतो, फक्त हलू देऊ नका.

हे सगळं मी आता वहीच्या एका कागदावर लिहून मामांच्या कॅबिनेटला आतून चिकटवलंय: चिप जीटी२१८, ड्रायव्हर नुवो, कर्नल ६.८. त्याखाली मामांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली आहे: ‘चालू आहे. भाच्याने हात लावू नये.’